पुढच्या महिन्यात बघू

कौशल्याने वीस-एक वर्षं आमच्या चर्चच्या मंडळीसाठी प्रभुभोजनाचा द्राक्षरस केला. त्यातली शेवटची अकरा वर्षं तिच्या स्वतःच्या ओठाला त्यातला थेंबही लागला नाही. हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहिते. ज्यांना ठाऊक आहे ते पुढच्या बाकांवर बसतात, त्यांनी नाही वाचलं तरी चालेल.

आमच्यात महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. प्रभूने पकडलं जाण्याआधी शिष्यांबरोबर शेवटचं जेवण केलं, भाकर मोडली, पेला दिला आणि माझी आठवण म्हणून हे करत जा असं सांगितलं. त्याची ती आठवण. प्रत्येकाला पावाचा एवढासा तुकडा आणि अंगठ्याएवढ्या पेल्यात रस. पेल्यांचं तबक बाकाबाकांवरून हातोहात जातं. आपण आपला पेला उचलायचा आणि तबक शेजारणीकडे द्यायचं. दोन घोटांनी पोट कुणाचंच भरत नाही. पण ज्याच्या मांडीवरून तबक नुसतंच पुढे जातं, त्याला ते दोन घोट काय असतात ते कळतं.

कौशल्या मूळची जालन्याची. लग्न होऊन पुण्यात आली. नवरा देवदान रिक्षा चालवायचा, तो लवकर गेला. मूलबाळ नाही. बिबवेवाडीत तिसऱ्या मजल्यावर एक खोली, समोर नळ, वर पत्रा. एका मोठ्या दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात आया होती. अंगाने ठेंगणी, चाल तुरुतुरु, आणि हाताला कायमचा फिनेलचा वास. मी थट्टा करायची, "कौशल्या, तुझ्या हातचा रस प्यायला की पोटातले जंतू मरतात." ती म्हणायची, "पापं मरत नाहीत ना पण. त्यासाठी दुसरं काहीतरी घाल."

मी चौथी शिकलेली, ती सातवी. दोघी वाचायचो ते एकच पुस्तक, पवित्र शास्त्र. पण वाचण्यात फरक होता. मी वाचताना जरा इकडे तिकडे बघत वाचते. न झेपणारी ओळ आली की पान उलटते. कौशल्या बसची पाटी वाचावी तसं वाचायची. पाटीवर स्वारगेट लिहिलंय म्हणजे बस स्वारगेटलाच जाणार, त्यात चर्चा कसली.

आता आमची एक जुनी रीत सांगते, नाहीतर पुढचं समजायचं नाही. डोंगरावरच्या उपदेशात प्रभू म्हणतो की तू वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथं तुला आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर ते अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर, मग ये. गोऱ्या पाळकांच्या वेळेपासून आमच्या मंडळीने त्याची रीतच करून टाकली. प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी संध्याकाळी तयारीची सभा. पाळकसाहेब विचारणार, कोणाच्या मनात कोणाविरुद्ध काही आहे का. असेल तर तिथल्या तिथे समेट करायचा. समेट झाला नाही तर ज्याच्याविरुद्ध आहे त्याने रविवारी तबकातला पेला उचलायचा नाही.

आमच्या बायकांनी यातून वाट काढली होती. शनिवारी सहाला हातात हात, "सलाम बाई, चुकलंमाकलं माफ करा." रविवारी अकराला प्रभुभोजन. साडेअकराला चपला घालताना भांडण जिथं सोडलं होतं तिथून पुढे. मीही हेच केलंय. देवाला सगळं दिसतं, पण चपलांपाशी तो फार थांबत नसावा असा आमचा अंदाज होता.

विजयमालाबाई आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. मंडळीच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. उंच, गोऱ्या, साडीची इस्त्री बसून उठल्यावरही तशीच. प्रार्थना अशी करायच्या की डोळे मिटलेले असतानासुद्धा माणूस ताठ बसायचा. त्यांना एकच मुलगी, कल्याणी. नवरा कधीच गेलेला. मुलगी सत्तावीस वर्षांची झाली तेव्हा नगरकडचं एक चांगलं स्थळ आलं. मुलगा इंजिनियर, घरचे देवभीरू. मुलाची आई एका रविवारी उपासनेला आली, बघायला म्हणून. उपासना सुटल्यावर व्हरांड्यात तिने मला गाठलं.

"मुलगी छान आहे हो. तब्येत वगैरे ठीक आहे ना?"

कल्याणीला फिट यायची. लहानपणापासून. आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाच ठाऊक नव्हतं, अशा पद्धतीने ठाऊक होतं. आता मी काय बोलायचं? हो म्हटलं तर खोटं, नाही म्हटलं तर मुलीचं लग्न मोडणार. मी पान उलटलं.

"मला बाई काय कळतंय तब्येतीतलं," मी म्हणाले. "त्या बघा, कौशल्याबाई. दवाखान्यात होत्या त्या. त्यांना विचारा."

म्हणाले आणि चपला घालून घरी आले. कौशल्याला खोटं बोलता येत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. कल्याणी कौशल्याच्याच वॉर्डात दोनदा दाखल होती हेही.

कौशल्याने जेवढं विचारलं तेवढंच सांगितलं. "फिट येते. गोळ्या चालू आहेत. वर्षातून एखादी येते, मुलगी हुशार आहे." त्याच उपदेशात, त्याच पानावर, प्रभूने म्हटलंय की तुमचं होय ते होय असू द्या आणि नाही ते नाही. कौशल्याची बस तिथं थांबली. तिसऱ्या दिवशी नगरहून फोन आला की मुलाचा एवढ्यात विचार नाही.

त्या महिन्याच्या तयारीच्या सभेत जुन्या पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, कोणाच्या मनात काही आहे का. नेहमीप्रमाणे दोघीतिघी खोकल्या. मग विजयमालाबाई उभ्या राहिल्या.

"माझ्या मनात कौशल्याबाईंविरुद्ध आहे."

एवढंच. पुढचं सगळ्यांना समजलं होतं. कौशल्या मागून तुरुतुरु पुढे गेली. बाईंचे दोन्ही हात धरले. "बाई, मला विचारलं म्हणून मी सांगितलं. पण तुमचं मन दुखलं, त्याबद्दल क्षमा करा."

बाईंनी हात काढून घेतले नाहीत. हसल्यासुद्धा. शाळेत एखाद्या मुलाने रडत रडत अजून पाच मिनिटं मागावीत आणि बाईंनी पेपर हातातून ओढून घ्यावा, तसं ते हसू.

"अजून नाही, कौशल्याबाई," त्या म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात बघू."

मला तेव्हा वाटलं, महिनाभराचा राग आहे, उतरेल. सगळ्यांना तसंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी तबक आलं तेव्हा कौशल्याने दोन्ही हातांनी धरलं आणि न उचलता पुढे दिलं. तबकातला रस तिनेच केलेला. शुक्रवारी मार्केट यार्डातून काळ्या मनुका आणून, धुऊन, भिजत घालून, उकळून, मलमलच्या फडक्यातून हाताने पिळून. रस करायला तिला कुणी मनाई केली नाही. हाताला चव आहे म्हणाले.

पुढच्या महिन्यात बाई म्हणाल्या, पुढच्या महिन्यात बघू. त्याच्या पुढच्या महिन्यातही. वर्षभराने पाळकसाहेबांनी कौशल्याला सांगितलं की सभेचा फार वेळ जातो, तुम्ही बाईंच्या घरीच जाऊन विचारत चला. मग ती दर महिन्याला बिबवेवाडीहून स्वारगेट आणि स्वारगेटहून वारजे अशा दोन बस करून जायला लागली. दार कल्याणी उघडायची.

"या मावशी. चहा घ्या आधी. आई नाही म्हणणारच आहे, ते चहानंतर ऐका."

कल्याणीचा कौशल्यावर राग नव्हता. एकदा तिने माझ्यासमोर कौशल्याला म्हटलं, "मावशी, मी तिकडे गेले असते तर गोळ्या कुठे लपवल्या असत्या? डाळीच्या डब्यात? आईला लग्न मोडल्याचं वाईट नाही वाटलं. लोकांना कळलं त्याचं वाटलं." तिला नंतर मंडळीच्या शाळेत नोकरी लागली. वर्गात एकदा फिट आली, मुलांनी शाळेत शिकवलं होतं तसं कुशीवर वळवलं, पाच मिनिटांनी उठून तिने गणित पुढे सुरू केलं. पण कल्याणीची क्षमा आमच्या रीतीत मोजली जात नव्हती. जिच्या मनात आहे तिची लागते.

आणि विजयमालाबाईंनी ते मन फार जपलं. गृहप्रार्थनेत कौशल्या असली की त्या हमखास प्रार्थना करायच्या, "प्रभू, ज्यांच्या जिभेने घरं बसण्याआधी मोडली, त्यांना तू शहाणपण दे." सगळ्या बायका आमेन म्हणायच्या. कौशल्याही म्हणायची, ती तर मनापासून. मीही म्हणायची.

एकदा मंडळाच्या सभेत रसाचा विषय निघाला. बाई मवाळपणे म्हणाल्या, "घरी रस करताना चव बघितली जातच असेल. मी कुणावर आरोप करत नाही. पण बंदी असलेल्या माणसाने स्वयंपाकघरात प्यायलं तर ते प्रभुभोजन होतं का, हे पाळकसाहेबांना विचारलं पाहिजे." विचारायची गरज पडली नाही. त्या दिवसापासून कौशल्याने चव बघणं सोडलं. चमचा, फडकं, बोटं, सगळं लगेच धुऊन टाकायची. दोन महिन्यांनी साखरेचा अंदाज चुकला आणि रस आंबट झाला. सगळ्या मंडळीने पवित्र तोंडं वाकडी केली. बाहेर आल्यावर बाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "कौशल्याबाई, चव घेऊन बघण्याची पद्धत नाही का जालन्याकडे?"

रविवारच्या शब्बाथशाळेत बाई मुलांना शिकवायच्या. याकोबाच्या पत्रात जीभ म्हणजे लहानशी आग, अख्खं रान पेटवते असं आहे, तो धडा होता. शिकवताना त्यांनी नाव घेतलं नाही. नुसतं मागच्या बाकाकडे पाहिलं. सुटल्यावर एक सहा वर्षांची पोर कौशल्यापुढे जाऊन उभी राहिली.

"आजी, जीभ दाखवा."

कौशल्याने दाखवली. पूर्ण बाहेर काढून, मान खाली वाकवून, म्हणजे पोरीला नीट दिसेल अशी.

"काळी नाहीये," पोर म्हणाली, आणि तिचा अगदी विरस झाला.

ती पोर माझी नात, तनया. मी तिला घरी नेऊन एक धपाटा घातला. कशाबद्दल, ते तिला कळलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

मी कौशल्याला कधी म्हणायची, "अगं, सोड ना. पेत्राने विचारलं तेव्हा प्रभूने सत्तर गुणिले सात वेळा क्षमा करायला सांगितली. ती बाई एकदासुद्धा करत नाही. पाप तिचं आहे."

"तिचे चारशे नव्वदच्या चारशे नव्वद शिल्लक आहेत," कौशल्या म्हणायची. "कुणाचं तरी नशीब उघडणार बघ." आणि मनुका निवडत बसायची.

असं बोलताना मी तिच्यासमोर बसलेली असायची आणि माझ्या तोंडापर्यंत यायचं, की त्या नगरच्या बाईला तुझ्याकडे मी पाठवलं. तोंडापर्यंत यायचं आणि मी चहा प्यायची. मग रविवारी पहिल्या तीन बाकांत बसून तबकातून माझा पेला उचलायची. माझा नवरा शांतवन मंडळीच्या पंच कमिटीत होता, आमची जागा ठरलेली होती.

दोन वर्षांपूर्वी जुने पाळक बदलून गेले आणि सलिल नावाचे तरुण पाळकसाहेब आले. गिटार वाजवतात, सगळ्यांना आंटी म्हणतात. त्यांनी ही गोष्ट ऐकली आणि डोक्याला हात लावला. त्याच सुमारास कौशल्याच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी पोट उघडलं आणि तसंच शिवलं. आया होती ती, कुणी न सांगता तिला समजलं. म्हणाली, "द्वारका, माझ्या वॉर्डात अशी शिवलेली बाई दोन महिने काढायची. खमकी असली तर तीन."

आता तिला एकच हवं होतं. मरण्याआधी एकदा प्रभुभोजन. हे ती मागत नव्हती, पण दर भेटीत विचारायची, "या महिन्याचा रस कोण करतंय? मनुका कुठून आणल्या?"

सलिल पाळकसाहेब तिच्याकडे गेले. मीही होते. ते म्हणाले, "आंटी, तुम्ही अकरा वर्षं गेलात त्यांच्याकडे. झाला तुमचा भाग. पौल म्हणतो ना, तुमच्याकडून होईल तितकं सगळ्यांशी शांतीने राहा. मी उद्याच घरी आणून देतो तुम्हाला."

कौशल्या म्हणाली, "पौल म्हणाला. ते समेटाचं प्रभूने स्वतः सांगितलंय. त्यात काय लिहिलंय साहेब? समेटाचा प्रयत्न कर, की समेट कर?"

पाळकसाहेबांनी पुस्तक उघडून बघितलं. खरंच बघितलं बिचाऱ्यांनी. "समेट कर."

"मग?"

ते खाली उतरले ते थेट वारज्याला गेले. संध्याकाळी मला फोन केला. "आंटी, गुड न्यूज. विजयमालाबाई येतायत. रविवारी उपासनेनंतर, चार वाजता. मी भाकर आणि पेला घेऊन येतो. कौशल्या आंटींना सांगा."

मी सांगितलं. कौशल्याने मला उशीखालून मनुकांसाठी पिशवी काढून दिली. रस मी करायचा, आणि तिने पडल्या पडल्या सांगायचं. आयुष्यात पहिल्यांदा मी तो रस केला. "उकळी आली की पाय हलवू नकोस तिथून. फडकं पिळताना चोथा सोडू नकोस. हात धुतलेस का?" फिनेलने धू म्हणाली नाही एवढंच. रविवारी सकाळी तिने शेजारणीकडून केस विंचरून घेतले आणि पांढरी साडी नेसली. नुसती साडीच आहे असं वाटत होतं, आत कौशल्या फारशी उरली नव्हती.

विजयमालाबाई तीन मजले चढून आल्या. शहात्तर वर्षांच्या, लिफ्ट नाही, पण दम लागलेला दिसू दिला नाही. मागे कल्याणी. बाई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या, पदर सारखा केला. पाळकसाहेबांनी स्टुलावर पांढरं फडकं घातलं, त्यावर भाकर आणि एक पेला ठेवला. समेटाची ती ओळ वाचली. मग म्हणाले, "बाई, आपण प्रार्थना कराल का?"

बाईंनी डोळे मिटले. काय ती प्रार्थना. कौशल्याच्या वीस वर्षांच्या सेवेबद्दल त्यांनी देवाचे आभार मानले. तिच्या हातांबद्दल आभार मानले. देवदानची आठवण काढली, त्याच्या रिक्षाचीसुद्धा. वॉर्डातल्या ज्या बायकांची घाण तिने काढली त्यांची आठवण काढली. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मी मनात म्हणाले, झालं, सुटली कौशल्या. आणि मग त्याच सुरात, त्याच गोड आवाजात बाई पुढे म्हणाल्या, "आणि हे प्रभू, तू जिभेचा न्याय करणारा आहेस. हिच्या पोटात आज जे वाढलंय ते कशाने वाढलंय, ते तुला ठाऊक आहे आणि हिलाही ठाऊक आहे. आमेन."

कुणी आमेन म्हटलं नाही. या वेळी मीही नाही.

पाळकसाहेबांनी समेटाच्या ओळीवर बोट ठेवलं. म्हणाले, "बाई, आणि समेट?"

बाईंनी कौशल्याकडे पाहिलं. नीट पाहिलं, डोक्यापासून पायापर्यंत. तिच्याकडे पुढचा महिना नाही हे त्यांना त्या खोलीत कुणापेक्षाही जास्त स्पष्ट दिसत होतं.

"अजून नाही," त्या म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात बघू."

कल्याणी म्हणाली, "आई, तू माणूस आहेस का कोण आहेस?"

"तू गप्प बस."

कौशल्याने डोळे मिटून घेतले. स्टुलावरचा पेला तिच्या हातापासून वीतभर होता. तेव्हा मी बोलले. अकरा वर्षं उशिरा बोलले.

"विजयमालाबाई, त्या नगरच्या बाईने आधी मला विचारलं होतं. मी तिला कौशल्याकडे पाठवलं. कौशल्या खोटं बोलणार नाही हे मला ठाऊक होतं. तुमच्या मनात ठेवायचं तर माझ्याविरुद्ध ठेवा, हिला सोडा."

मला वाटलं होतं, आता छत कोसळेल. बाई पर्सचा बंद लावत म्हणाल्या, "ठाऊक आहे मला. त्या बाईने फोनवर तेव्हाच सांगितलं होतं. पहिल्या बाकावरच्या बाईंनी दुसरीकडे बोट दाखवलं म्हणून."

"तेव्हापासून ठाऊक आहे?"

"मग."

"मग मला का नाही काही म्हणालात?"

"द्वारकाबाई, आपले यजमान तेव्हा पंच कमिटीत, शाळेच्या समितीत. कल्याणीला शाळेत लावायचं होतं. शांतवनरावांच्या शब्दाशिवाय कोण घेणार होतं फिटवाल्या मुलीला? आपल्याशी भांडून मला कसं चाललं असतं?" त्यांनी हे असं सांगितलं, जणू मी बसचा नंबर विचारला होता. "राग तर कुठेतरी ठेवायलाच हवा ना."

कल्याणी भिंतीला टेकली. नोकरी कशी लागली ते तिलाही त्याच दिवशी कळलं.

आणि कौशल्या हसायला लागली. हसताना तिला दुखत होतं, टाक्यांवर हात दाबून हसत होती.

"म्हणजे बाई," ती म्हणाली, "तुमच्या मनात माझ्याविरुद्ध काही नव्हतंच. ते द्वारकाचं होतं. तिच्या बाकावर जागा नव्हती म्हणून माझ्याकडे ठेवायला दिलं." मग पाळकसाहेबांकडे वळली. "साहेब, द्या."

बाई उठून उभ्या राहिल्या. "मी अजून हो म्हटलेलं नाही."

"तुमचं तुम्ही प्रभूला सांगा, बाई. आता माझं काही अडत नाही."

पाळकसाहेबांनी भाकरीचा तुकडा तिच्या जिभेवर ठेवला. पेला तिने स्वतः धरला. दोन घोट. बराच वेळ तोंडात ठेवून मग गिळला.

"साखर कमी पडलीय, द्वारका," ती म्हणाली.

विजयमालाबाई तोपर्यंत जिना उतरायला लागल्या होत्या. कल्याणी त्यांच्या मागे गेली नाही, कौशल्याच्या पायाशी बसून राहिली.

मी कौशल्याजवळ गेले. फिनेलचा वास आता येत नव्हता, नुसता औषधांचा येत होता. मी तिचे दोन्ही हात धरले, तिने त्या वेळी बाईंचे धरले होते तसे.

"कौशल्या, मला क्षमा कर."

तिने माझ्याकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. अकरा वर्षं आम्ही समोरासमोर बसून मनुका निवडल्या होत्या, ती सगळी त्या पाहण्यात होती. मग ओठाच्या कोपऱ्यात जरासं काहीतरी हललं.

"अजून नाही," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात बघू."

कल्याणी फस्सकन हसली. पाळकसाहेबही हसले. मीही हसले. कौशल्याने डोळे मिटले आणि झोपली.

त्यानंतर मी रोज जात होते. तोंड पुसायचं, पाणी पाजायचं, चादर बदलायची. पण पुन्हा विचारलं नाही. मनात म्हणत होते, महिना तर होऊ दे. तिने सांगितलंय ना, पुढच्या महिन्यात. आयुष्यात पहिल्यांदा मी पाटीवर लिहिलेलं तसंच्या तसं वाचलं आणि बसची वाट बघत बसले. पहिला रविवार अठ्ठावीस दिवसांवर होता. कौशल्या एकोणिसाव्या दिवशी गेली. शेवटचे तीन दिवस ती बोलतच नव्हती.

दफनाच्या वेळी विजयमालाबाईंनी प्रार्थना केली. सुंदर केली.

आता मी मागच्या बाकावर बसते, कौशल्याच्या जागी. शेजारी कल्याणी असते. ती आईपासून वेगळी राहत नाही, पण बसते माझ्याजवळ. तबक येतं, मी दोन्ही हातांनी धरते आणि तिच्याकडे देते. सलिल पाळकसाहेब म्हणतात, "आंटी, त्या जोक करत होत्या हो. हसल्या होत्या ना." हसली होती. पण कौशल्या वॉर्डात मेलेल्या बाईचे डोळे मिटतानाही तसंच जरासं ओठ हलवायची, ते त्यांनी पाहिलेलं नाही. थट्टा होती की उत्तर होतं, हे विचारायला मी आता कुठली बस पकडू? विजयमालाबाईंनी एकदा पुढच्या बाकावरून मागे येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि प्रेमाने म्हणाल्या, "द्वारकाबाई, मेलेल्या माणसाच्या मनात काही नसतं. पुढे येऊन बसा. तिथं आपली जागा रिकामी दिसते, बरं नाही वाटत."

रस मीच करते. शुक्रवारी मार्केट यार्डातून मनुका आणते. चव बघत नाही, चमचा आणि बोटं लगेच धुते. गेल्या महिन्यात मला वाटतं रस चांगलाच आंबट झाला होता. मागून सगळ्यांच्या माना अवघडलेल्या दिसल्या. सुटल्यावर व्हरांड्यात मी चपला घालत मुद्दाम रेंगाळले, कुणीतरी काही बोलेल म्हणून.

"छान झाला होता हो रस, द्वारकाबाई," सगळ्या म्हणाल्या. शांतवन जाऊन चार वर्षं झाली, पण पंचांची बायको ती पंचांची बायको.